रुपयाची समोरची कड

दगडूमामा कांबळे यांचं नाव आधी लिहितो. बाकीचं मागून.

दिवाळी अंकवाल्यांनी 'जुन्या नाण्यांच्या धंद्यातले अनुभव लिहून द्या' असं सांगितलं तेव्हा कागद घेऊन बसलो खरा, पण लिहायचं कसं? माझं शिक्षण सातवी. तेही जत तालुक्यात, कर्नाटकच्या वेशीवरच्या शाळेत. तिथं मास्तर मराठीत शिकवायचे आणि आम्ही पोरं कानडीत कुजबुजायचो. चार कागद फाडले. पाचवा ठेवला तो एवढ्याचसाठी, की या निमित्तानं मामांचं नाव छापून येईल. ते आता नव्वदीच्या पुढं आहेत. नजर गेल्यामुळं त्यांना वाचता येणार नाही, पण नातू वाचून दाखवील.

मामा एका मोठ्या शहरातल्या सरकारी टांकसाळीत नोकरीला होते. शेवटची बरीच वर्षं तपासणीच्या टेबलावर. तयार नाणी पुढ्यातून सरकत जायची, त्यातलं वाकडं, फुटकं, अर्धवट उठलेलं बाजूला काढायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते साताऱ्याजवळच्या आपल्या गावी आले. रोज सकाळी एस.टी.नं साताऱ्यात यायचे आणि अण्णांच्या नाण्यांच्या दुकानातल्या बाकावर बसून फुकटचा पेपर वाचायचे.

माझी त्यांची गाठ पडली ती सातारा स्टँडवर. मी तेव्हा विसाच्या आसपास असेन. शाळा सुटल्यावर विट्याच्या गलाईवाल्यांबरोबर दक्षिणेत गेलो होतो. सोनं-चांदी गाळायच्या भट्टीवर चार वर्षं काढली. तेजाबाच्या धुरानं छाती धरली म्हणून परत फिरलो. आई-वडील मेंढरं घेऊन सातारच्या बाजूला आलेत असं कुणीतरी सांगितलं, म्हणून इथं उतरलो, तर कळप कधीच पुढं गेलेला. चहा घेतला. टपरीवाल्यानं सुट्टे दिले. त्यातलं एक नाणं मी न बघताच परत त्याच्या पुढ्यात सारलं.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "न बघता कसं वळखलंस रं?"

"हाताला साबणावानी लागलं. शिसं हाय त्यात."

म्हाताऱ्यानं ते नाणं दोन बोटांत चोळलं आणि मान हलवली. मग मला उठवलं आणि अण्णांच्या दुकानात नेऊन उभं केलं. "अण्णा, ह्याच्या बोटाला डोळं हायेत. ठिवा ह्याला. माझ्या शब्दावर."

एवढंच. जात, गाव, शिक्षण, काही विचारलं नाही. गावापासून दिवसभराच्या वाटेवर, ओळखीपाळखीचं कुणी नसताना, मला कामही मिळालं आणि दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागाही. ही नव्वद सालानंतरची गोष्ट.

आता आमचं काम काय ते सांगतो. जुनं नाणं विकायचं तर त्याची प्रत ठरवावी लागते. अण्णा दर दोन महिन्यांनी यादी झेरॉक्स करून गावोगावच्या संग्राहकांना पोस्टानं पाठवायचे. गिऱ्हाईक नाणं न बघता, यादीतल्या दोन शब्दांवर भरवसा ठेवून मागणी करायचं. ते दोन शब्द म्हणजे प्रत. कोरं, उत्तम, चांगलं, बरं, घासलेलं, अशा आमच्या पाच पायऱ्या. आणि दोष असेल तर तो वेगळा लिहायचा.

नाणं कडेला धरायचं, तोंडावर बोट लावायचं नाही. सकाळच्या तिरप्या उजेडात आधी सगळ्यात उंच जागा बघायची. राजाच्या मुखवट्याचं नाणं असेल तर गाल, कान, मिशी. झीज तिथं पहिल्यांदा होते. त्यातही खिशातली झीज आणि देव्हाऱ्यातली झीज वेगळी. खिशातलं नाणं सगळीकडून सारखं घासतं. देव्हाऱ्यातलं नाणं दर दिवाळीला हळद-कुंकू लागून, चिंचेनं धुऊन, एकाच अंगठ्याखाली झिजतं. राजाचा गाल सपाट आणि कडेची अक्षरं मात्र कालची.

दोष दोन तऱ्हेचे. मामा म्हणायचे, "एक जन्माचा, एक संसाराचा." साच्यातून सरकलेलं, दोनदा ठोकलेलं, एका बाजूनं न उठलेलं, हे जन्माचे. भोक पाडलेलं, दागिन्याला जोडलेलं, घासून चकाकवलेलं, कापलेलं, हे संसाराचे. संसाराच्या दोषानं नाण्याची किंमत उतरते. जन्माच्या दोषानं ती कधी कधी आभाळाला टेकते, कारण तसं नाणं टांकसाळीच्या दारातून सहसा बाहेरच पडत नाही. सगळी मेख ह्या दोन्हीतला फरक ओळखण्यात.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. शिरवळच्या कारखान्यातले एक सुपरवायझर होते. आजोबांचे सात रुपये आदल्या रात्री भांड्याच्या पावडरीनं घासून, आरशासारखे करून घेऊन आले. मी सातही 'घासलेलं' म्हणून लिहिले तर तांबडेलाल झाले. "अहो, बायकोचा हात दुखतोय अजून!" अण्णा शांतपणे म्हणाले, "वहिनींना शेक द्या. नाण्याला आता इलाज नाही."

सुट्टीवर आलेला एक गलाईवाला माझ्या ओळखीचा निघाला. माझ्या पाच पायऱ्या ऐकून पोट धरून हसला. "आमच्याकडं एकच पायरी हाय गड्या. वितळतंय का न्हाई!" आणि आष्ट्याचे एक गुळाचे व्यापारी होते. त्यांना आम्ही गुळवाले काका म्हणायचो. ते दुकानात पाऊल टाकतानाच ओरडायचे, "चांगलं काय दाखवू नका! फुटकंतुटकं असंल तर काढा!" जन्मानं चुकलेली नाणी गोळा करायचा त्यांना नाद. काकू म्हणायच्या म्हणे, 'माणसंबी तसलीच गोळा करत्यात.'

मी पहिल्यापासून भित्रा. चूक झाली तर अण्णा हाकलतील आणि मामांचा शब्द माझ्यापायी जाईल, ही धास्ती रोज जेवणात मिठासारखी असायची. म्हणून मी प्रत्येक नाण्याला हमखास एक पायरी खालची प्रत द्यायचो. 'उत्तम' दिसलं तर 'चांगलं'. 'चांगलं' दिसलं तर 'बरं'. अण्णा चिडायचे. पण वर्षभरात उलटंच झालं. लांबच्या संग्राहकांची पत्रं यायला लागली. इंदूरच्या एकांनी लिहिलं होतं, 'तुमच्याकडचं बरं म्हणजे इतरांकडचं उत्तम. पुढील यादी आधी मला धाडावी.' ते पत्र अण्णांनी काचेखाली लावलं. माझ्या भीतीमुळं दुकानाचं नाव झालं, याचा मला लय अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू, आजही वाटतो.

पण एका बाजूनं बघून अभिमान धरला तर काय होतं, ते आता सांगतो.

अण्णा पुण्याला गेले होते. खरेदी माझ्यावर सोपवलेली. खटावकडच्या एक आज्जी नातीला घेऊन आल्या. अनुसयाबाई त्यांचं नाव. नातीला सांगलीला नर्सिंगला घालायचं होतं. त्यासाठी पदराच्या गाठीतून त्यांनी एक चांदीचा रुपया काढला. राणीच्या छापाचा, जुना, झीज थोडी. पण कडेला घास घेतलेला. करंगळीच्या नखाएवढा तुकडा गायब, भाकरीला उंदरानं चावा घ्यावा तसा.

मी बघताक्षणी ओळखलं. म्हणजे, मला तसं वाटलं. आमच्या घरी मूल जन्मलं की अव्वा, म्हणजे माझी आई, पेटीतला चांदीचा रुपया सोनाराकडं न्यायची. सोनार त्याच्या कडेचा तुकडा काढून त्याचा मणी करून द्यायचा. तो बाळाच्या करदोट्यात ओवायचा. आम्ही पाच भावंडं. पाच घास घेऊन अव्वाचा रुपया आवळ्याच्या फोडीसारखा झालेला मी लहानपणापासून बघत आलो होतो. माझ्या कमरेलाही तो मणी होता.

मी म्हणालो, "आज्जी, बाळाच्या करदोट्याला काढलाय न्हवं तुकडा?"

आज्जी ताठ झाल्या. "न्हाई. आमी ह्याला हात लावला न्हाई. पयल्यापास्नं असाच हाय त्यो."

मी हसलो. ते हसणं मला आजही टोचतं. "आवं आज्जी, समदी असंच म्हणत्यात."

नात काहीतरी बोलणार होती. आज्जींनी तिचा हात धरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बरं. लिव्ह तुला काय लिव्हायचं ते."

मी चिठ्ठीवर लिहिलं, 'कड कापलेली.' मोडीचा भाव धरून, चांदीच्या वजनानं पैसे दिले. वहीत त्यांचं नाव-गाव टिपलं. त्या पायरी उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. पेपर घेतला, चष्मा शोधताना टेबलावरचा रुपया त्यांच्या हाताला लागला. अंगठा कडेवरून एकदा फिरला. मग त्यांनी पेपर खाली ठेवला.

"कुणी लिव्हली ही चिठ्ठी?"

"मी."

"कशावरनं?"

"घास घेतलाय की मामा. दिसतोय."

"घास दिसतोय. घेणारा दिसतोय का? घास बघू नगंस. त्याच्या समोरची कड बघ."

मी भिंग लावलं. घासाच्या बरोबर समोर, पलीकडच्या कडेला, काठाची उंच रेघ विरघळल्यासारखी झाली होती. काठालगतचे बारीक ठिपके तिथं पुसट होत होत नाहीसेच झाले होते. बाकी सगळीकडं काठ कणखर. घासाजवळची अक्षरंही तुटलेली नव्हती, घासाकडं ओढल्यासारखी पसरली होती.

मामांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. चांदीच्या पट्टीतून यंत्र गोल चकत्या कापत जातं. पट्टी पुढं सरकायला कमी पडली, तर पुढची चकती आधीच्या भोकावर जरा चढते, आणि तेवढा घास जन्मतःच कमी येतो. मग ती चकती दोन बाजूंनी दाबत, फिरवत तिचा काठ उभा करतात. घास असलेली जागा आली की तिकडचा दाब पोकळीत जातो, म्हणून त्याच वेळी समोरच्या कडेलाही दाब बसत नाही. तिथला काठ उठतच नाही. छाप त्यानंतर पडतो. कापणाऱ्यानं नंतर कितीही सफाईनं कापलं, तरी समोरची कड त्याला पुसट करता येत नाही. त्याला ती सुचतही नाही.

"म्हंजे मामा, हे..."

"जन्माचं हाय. त्या काळी एकेक रुपया वजन करून सोडायचे. त्यातनं ह्यो सुटला. लय दुर्मिळ."

आज्जी खरं बोलत होत्या. मी हसलो होतो.

दुपारी अण्णा आले. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी चुकली, ती मोड नव्हती, आपण फार कमी दिले. मला वाटलं होतं हाकलतील. अण्णांनी भिंगातून समोरची कड बघितली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बिरू, लेका, चुकून का हुईना, लक्ष्मी आणलीस की!" त्यांनी पेढे मागवले. दुकानात आल्यापासून माझ्यासाठी मागवलेली ती पहिली मिठाई. हातात पेढा, आणि तो तोंडात जाईना.

"अण्णा, त्या आज्जी सांगत हुत्या. मी ऐकलं न्हाई."

"अरे, गिऱ्हाईक पायरी उतरलं की सौदा संपला. साऱ्या बाजाराची रीत आहे ही. उद्या आपल्या हातून जास्त गेले तर कोण परत आणून देतं?"

हे खरंच होतं. कुणी देत नाही. मी पेढा परत पुड्यात ठेवला.

बाकावरून, पेपराच्या आडून मामांचा आवाज आला. "सौदा संपला अण्णा. पर चिठ्ठी ऱ्हायली."

"म्हणजे?"

"चिठ्ठी खोटी हाय. लोकं रुपयाला पैसं धाडत न्हाईत, तुमच्या चिठ्ठीला धाडत्यात. ते काचेखालचं पत्र वाचा की." मग पेपर खाली आला. "आन ह्याला माझ्या शब्दावर ठिवला न्हवं? मग माझ्या शब्दावरबी लिव्हून टाका, कड कापलेली."

अण्णांनी काचेखालच्या पत्राकडं बघितलं. मग रुपया माझ्याकडं ढकलला. "जा. घेऊन जा. पण आज्जीनं तो परत ठेवून घेतला, तर तूही तिकडंच राहा." ते चेष्टेत बोलले की खरं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या दिवशी तरी मी खरंच धरून चाललो. माळ्यावरची पिशवी भरून खाली आणली. मामांनी ती बघितली आणि म्हणाले, "ठिव ती. मी येतोय तुझ्यासंगं."

वहीतल्या पत्त्यावर, दोन एस.टी. बदलून गेलो. पत्र्याचं घर, पुढं अंगण. आज्जी शेंगा फोडत बसल्या होत्या. शेजारी त्यांच्या थोरल्या जाऊबाई.

आज्जींनी मान वर केली. "का रं? रुपया खोटा निघाला व्हय?"

"न्हाई आज्जी. चिठ्ठी खोटी निघाली."

मामांनी घरातल्या सगळ्यांना अंगणात बोलावलं. सुनेकडून भाकरीच्या पिठाचा गोळा मागितला. त्याची जाड चकती केली, कडेचा एक घास तोडला, आणि चकती दोन तळव्यांत उभी धरून कडेकडेनं फिरवली. "हितं घास आला, ह्यो हात पोकळीत गेला. तवा त्यो समोरचा हातबी सुटला. बघा, तिकडं पीठ दाबलंच न्हाई." मग रुपया आणि भिंग एकेकाच्या हातात दिलं. लेकानं बघितलं, सुनेनं बघितलं. नातीनं तर तीनदा. शेवटी जाऊबाईंनी एक डोळा मिटून बघितलं. खूप वेळ.

"सासूबाई तर म्हणायच्या..." त्या पुटपुटल्या.

"म्हणायच्या," आज्जी म्हणाल्या. "जलमभर म्हणायच्या. धाकलीनं लेकीच्या वाळ्याला रुपया कुरतडला. तुमीबी म्हणायचा, आक्का. पेटीची किल्ली कवा माझ्या हातात दिली न्हाई कुणी. वाटणीत अख्खं रुपयं तुमाला, आन मला ह्यो. 'खाल्लायस तूच, ठिव तूच.'"

मला तेव्हा कळलं, मी दुकानात हसलो ते कुणाच्या हसण्यात जाऊन मिसळलं होतं.

मी पैशाचं सांगायला लागलो. रुपया परत घ्या, किंवा आष्ट्याचे एक जण आहेत, ते याचं खरं मोल देतील. आज्जींनी हात केला. "रुपया इका. पोरीला सांगलीला जायाचंय. मला त्यो कागद पायजे."

"कंचा कागद?"

"तू लिव्हलावतास की. कापलेला म्हणून. आता दुसरा लिव्ह."

गुडघ्यावर वही ठेवून मी लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. 'कड जन्माची आहे. कुणीही कापलेली नाही.' खाली, दुकानाच्या नावाऐवजी, पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलं. बिराप्पा. नातीनं तो कागद मोठ्यानं वाचला. आज्जी म्हणाल्या, "आजून एकदा वाच. आक्काला नीट ऐकू येत न्हाई."

जाऊबाईंना चांगलं ऐकू येत होतं. तरी त्यांनी दुसऱ्यांदाही शेवटपर्यंत ऐकलं, मग उठून आत गेल्या आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या. पहिली बशी त्यांनी आज्जींच्या पुढ्यात ठेवली.

रुपया गुळवाल्या काकांनी घेतला. बघितल्या बघितल्या म्हणाले, "समोरची कड बघितली का रं?" मी म्हटलं, "बघितली, काका." अण्णांनी आपली दलाली घेतली, बाकीचे आज्जींना पोचते केले. त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. पण त्यानंतर खरेदीला कुणी आलं की आधी म्हणायचे, "बिरू, तू बघ."

त्या दिवसानं मला एक शिकवलं. मी विकताना भिऊन एक पायरी खाली लिहायचो, त्याला लोक सचोटी म्हणायचे. पण घेतानाही मी तसाच भिऊन खाली लिहायचो. तिथं तीच भीती समोरच्या माणसाच्या ताटातलं काढून घेत होती. त्याआधीच्या दोन वर्षांत किती जणांना मी 'कापलेलं', 'घासलेलं' म्हणून वाटेला लावलं असेल? वही काढून नावं वाचली. नावं होती, नाणी केव्हाच गेली होती. त्या सगळ्यांच्या घरी पिठाचा गोळा घेऊन जाता आलं नाही. ती रुखरुख आहे आणि राहील.

पण अभिमान त्याहून मोठा आहे. आता सांगलीत माझं स्वतःचं लहानसं दुकान आहे. लांबलांबचे व्यापारी घास घेतलेलं नाणं माझ्याकडं धाडतात आणि मी लिहिलेला कागद मानतात. सातवी शिकलेल्या मेंढपाळाच्या पोरानं लिहिलेला.

आता राहिलं मामांचं. त्या दिवशी परतीच्या एस.टी.त ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले होते, "बिरू, त्या काळी त्या टेबलावर कुणीतरी माझ्यासारखाच बसला आसंल. त्याच्या हातनं ह्यो सुटला. माझ्या हातनं एक तरी सुटला आसंल का रं?"

"न्हाई मामा."

"आसंल की. मानूस हाय मी. गावला तर आण. बघायचाय मला, कसा चुकलो त्यो."

तेव्हापासून त्यांच्या नोकरीच्या सालातलं, त्यांच्या टांकसाळीची खूण असलेलं प्रत्येक नाणं मी कड बघितल्याशिवाय सोडत नाही. आजवर नऊ सापडली. नऊही अस्सल, जन्मानं घास घेतलेली. प्रत्येक वेळी सांगलीहून त्यांच्या गावी गेलो. आता त्यांना दिसत नाही, म्हणून नाणं अंगठ्याखाली ठेवतो. मामा कड चाचपतात, समोरची कड चाचपतात, मान हलवतात आणि नाणं परत देतात. "जन्माचं हाय. पर ही माझी पाळी न्हवं. रातपाळीवाल्यांचं काम हाय हे."

नवव्या वेळी तर म्हणाले, "त्या साली मी रजेवर हुतो."

मामा, छापलेलं हे तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील. तुमचं माझ्यावर जे आहे ते दुसऱ्या कशानं फिटणारं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून शोधतोय. एक ना एक दिवस असं नाणं आणून तुमच्या अंगठ्याखाली ठेवीन, की तुम्ही दोन्ही कडा चाचपाल, जरा थांबाल, आणि ते परत देणार नाही.